नंदीची पाठ

"शिंगं निघाली, अण्णा."

गेनबा भोई गुडघाभर पाण्यातून वर आला आणि ओल्या हातानंच त्यानं समोरच्या उताराकडे बोट केलं. पाण्याच्या वर दोन काळे दगडी खुंट दिसत होते. एकावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. मला आधी वाटलं, एखाद्या जुन्या झाडाचं खोड असेल.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गळाची काठी डाव्या हातात धरली होती. उजवा हात मांडीवर होता; म्हणजे मी तो उचलून तिथं ठेवला होता. त्यांनी शिंगांकडे पाहिलं, ओठ हलवले, आणि शब्द सापडला नाही म्हणून पुन्हा पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे बघत बसले.

"मग आता किती दिवस, मामा?" मी विचारलं.

"पाठ सुकंस्तवर," गेनबा म्हणाला. "एकदा का नंदीची पाठ सुकली, की गुंडाळायचं. तुमचा गळ बी आन् आमची जाळी बी."

"आणि पाणी असंच उतरत राहिलं तर?"

"ऱ्हाईल की. वरनं ऊन पितंय, खालनं कालवा पितोय." मग तो माझ्याजवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुमी काय इचारताय ते कळतंय मला, ताई. पर नेम त्यो नेम. आन् त्यो पाळायला गावच्या लोकास्नी अण्णांनीच शिकिवलं."

ते खरंच होतं. खैरवंडीचं धरण झालं तेव्हा जुन्या देवळातली पिंड लोकांनी वर नव्या गावात नेली. नंदी न्यायला गेले तर दोर तुटला, गाडीचं चाक मोडलं, आणि नंदी जागच्या जागी राहिला. पाणी चढत त्याच्या डोक्यावरून गेलं. एरवी तो कुणाला दिसत नाही. दुष्काळी वर्षी पाणी उतरलं की बाहेर येतो, आणि त्याची पाठ उघडी पडून सुकली की तलावात जाळं पडत नाही, गळ पडत नाही, पुन्हा नंदी बुडेपर्यंत. तेवढ्या पाण्यात सगळे मासे डोहात गोळा होतात आणि त्यांना पळायला वाट नसते. कोंडलेल्यावर हात टाकायचा नाही, असं भोई मंडळींनी ठरवलं आणि पोटाला चिमटा घेऊन पाळलं. आमचे कराडचे रविवारचे हौशी गळवाले मात्र ऐकायचे नाहीत. तेव्हा अण्णा एका उन्हाळ्यात छत्री घेऊन नंदीशेजारी जाऊन बसले. येईल त्याला गोड बोलून, चहा पाजून, परत पाठवायचे. बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

आणि आता त्याच माणसाला 'चहा' म्हणता येत नव्हतं.

हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर शब्द गेले. आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक एक वाटी घ्यायला आलं तरी अण्णा त्याच्या आजोळापर्यंतची चौकशी करून त्याला सोडत. ते अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, चित्रं दाखवायच्या. आंबा. गाय. पेला. अण्णा मान फिरवायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जे काय परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं. त्यानंतर फारशी आशा धरू नका.

मग एक दिवस गेनबा भेटायला आला, म्हणाला, "भितीला काय बगताय, ती काय पळून जातीय व्हय?" आणि अण्णांना उचलून माझ्या मारुतीत बसवून तलावावर घेऊन गेला. तिथं मी रिळाचा दोरा सोडवायच्या नादात त्याचा गुंता केला. तेव्हा शेजारून आवाज आला, "सैल."

मी वळून बघितलं. अण्णा माझ्यावर रागावले होते. "सैल," ते पुन्हा म्हणाले. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला, तोही मला रागावताना, आणि मी तिथंच हुंदके देऊन रडले.

त्यानंतर दर रविवारी तलावावर एखादा शब्द मिळायचा. "ओढ." "गप." "वारा." घरी मात्र एकही नाही. घरी ते तोंड मिटून भिंतीकडे बघायचे. म्हणून त्या दोन दगडी शिंगांकडे मला बघवेना.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती परातीत तांदूळ निवडत बसली होती.

आईपुढं मासेमारीचं नाव काढायची सोय नव्हती. आम्ही लिंगायत. घरात अंडं आलेलं नाही, आणि नवरा मात्र गळ्यात इष्टलिंग घालून हातात गळ घेऊन बसतो, हे तिला लग्नापासून उमगलं नव्हतं. अण्णांनी मासा कधी खाल्ला नाही. पकडायचे, दोन्ही हातांत धरून बघायचे, आणि सोडून द्यायचे. पण आईच्या लेखी तोच मोठा गुन्हा होता.

"खायचं नाही, विकायचं नाही, मग त्या जिवाच्या तोंडात काटा कशाला?" ती विचारायची.

"तुला नाही कळायचं, गिरिजा," अण्णा म्हणायचे. तीस वर्षं हा संवाद असाच चालला होता. काठीला घरात जागा नव्हती, ती गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली राहायची.

त्या दिवशी मात्र आईनं तांदळातलं बोट थांबवलं. "पाठ सुकली की बंद, असं म्हणाला गेनबा?"

"हो."

"पाठ म्हणजे कुठली? वशिंड धरून, का वशिंड सोडून?"

"मला काय माहीत, आई? पाठ म्हणजे पाठ."

"तसं नसतं. नेम म्हटला की नीट विचारून घ्यावा," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. मला तिचा रागच आला. इथं माणसाची वाचा पणाला लागलीय आणि हिला नंदीच्या वशिंडाची चौकशी.

पुढच्या रविवारी मी अण्णांना गाडीत बसवून वळले, तर आई पुढच्या सीटवर बसलेली. मांडीवर दुकानातलं कोरं करकरीत तांब्याचं भांडं, पायाशी बांबूच्या तीन काठ्या आणि सुतळी.

"तू कुठं?"

"देवाला."

"तलावावर कुठला देव?"

"आहे की. दारात बसलेला. चल, ऊन होतंय."

आरशात मला अण्णांचा चेहरा दिसत होता. तीस वर्षांत जी बाई एकदा तलावावर आली नाही, ती गाडीत बसलेली बघून त्यांच्या भुवया पार टोपीला टेकल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा नंदीचं डोकं, मान आणि वशिंड बाहेर आलं होतं. पाठीवरून पाण्याची पातळ चादर हलत होती. अजून दोन दिवसांत ती उतरली असती. आईनं चपला काढल्या, साडी वर खोचली, आणि कमरेभर पाण्यातून सरळ नंदीपाशी गेली. त्याच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवून तिनं तिकाटणं उभं केलं, त्यावरून भांडं टांगलं आणि तळ्याच्याच पाण्यानं भरलं. भांड्याच्या बुडाला तिनं दुकानातल्या तांबटाकडून बारीक भोक पाडून आणलं होतं. उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर लावतात ती गळती. थेंब थेंब पाणी नंदीच्या पाठीवर पडू लागलं आणि ओघळून दोन्ही कुशींवर पसरलं.

गेनबा काठावर उभा राहून बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"वैनी, गळती पिंडीवर लावत्यात. नंदीवर कुनी लावलेली म्या तर बगितली न्हाई."

"पिंडीला वर देऊळ आहे, सावली आहे, पुजारी आहे," आई म्हणाली. "याला एकट्याला उन्हात टाकून गेलात सगळे. पाणी तरी विचारलंत का कुणी?"

"त्ये खरं हाय. पर नेम असा हाय बगा, की पाठ सुकली…"

"सुकली तर पाळाच की तुमचा नेम. मी कुठं आड येते? मी आपली देवाला पाणी घालते. घालू नको म्हणता का?"

गेनबा टांगलेल्या भांड्याकडे बघत राहिला. वैशाखाच्या उन्हात देवाला पाणी घालणाऱ्या सवाष्णीला नको म्हणायचं धाडस त्याच्यातच काय, साऱ्या खैरवंडीत कुणात नव्हतं. त्यानं मदतीसाठी अण्णांकडे पाहिलं. अण्णा बुचाकडे बघत होते आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं.

"शहाणी," अण्णा म्हणाले. त्या रविवारचा पहिला शब्द.

आठवड्याचे बाकीचे दिवस भांडं कोण भरणार, हा प्रश्न आईनं आधीच सोडवला होता. काठावरच गेनबाचं घर. ती तिथं पाणी प्यायला गेली आणि त्याच्या बायकोला, हौसाबाईला, बहीण मानून आली. सकाळ-संध्याकाळ दोन कळशा नंदीच्या भांड्यात ओतायचं पुण्य हौसाबाईनं स्वतःहून मागून घेतलं, असं आईचं म्हणणं.

माझं म्हणाल, तर मला तेव्हा आई भाबडी वाटली. नवऱ्याची वाचा परत यावी म्हणून देवाला साकडं घालतेय, घालू दे. गळ चालू राहिला हा आयता फायदा. मी रविवार मोजत होते आणि शब्द मोजत होते.

आणि शब्द येत होते! "सैल सोड." "चारा लाव." दोन-दोन शब्द एकत्र यायला लागले. आम्ही दोघं मिळून एक गळवाला झालो होतो: काठी त्यांच्या डाव्या हातात, रीळ माझ्या हातात, आणि ते सांगतील तसं मी फिरवायचं. मी चुकले की ते चिडायचे, आणि चिडले की शब्द यायचा. मी मुद्दाम चुकायला शिकले. एकदा डबा उघडताना आईच्या हातून दशम्या मातीत पडल्या तर ते खणखणीत म्हणाले, "गिरिजा!" आई तशीच डबा हातात धरून उभी राहिली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ओरडा, अजून ओरडा."

पाणी मात्र उतरतच होतं. नंदीच्या मांड्या उघड्या पडल्या, मग तो बसला होता तो चौथरा, मग चौथऱ्याखालचा चिखल. चिखल वाळून भेगाळला. आता नंदीपासून पाण्यापर्यंत चालत जावं लागायचं. तलाव आक्रसून जुन्या नदीच्या डोहापुरता राहिला. आणि त्या रखरखाटात एकट्या नंदीची पाठ ओलीचिंब, कुशीवर हिरवं शेवाळ धरलेली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आजूबाजूचे तलाव आटलेले किंवा बंद. खैरवंडीला अजून चालू आहे, आणि मासा असा गोळा झालाय की टाकला गळ की लागला. कोल्हापूरच्या जीपा आल्या, पुण्याच्या गाड्या आल्या. रविवारी डोहाभोवती जत्रा भरू लागली. कुणी घमेली भरून मासे नेत होतं, कुणी फोटोपुरते धरून तिथंच काठावर टाकून देत होतं. दुपारपर्यंत घाण वास सुटायचा. खैरवंडीची तरणी पोरंही जाळी घेऊन उतरली. मागल्या दुष्काळात त्यांच्या बापांनी जाळी खुंटीला टांगली होती; पण नंदी ओला आहे म्हटल्यावर त्यांना तरी कोण अडवणार?

गेनबा एका रविवारी मला गाडीपाशी गाठून म्हणाला, "ताई, तुमच्या आईस्नी सांगा."

"तुम्हीच सांगा ना, मामा."

"मी कुठल्या तोंडानं सांगू? माझ्याच बायकूनं कळशा वतल्यात." त्यानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "काल मी एकाला अडिवलं. तर मला म्हनतो, म्हाताऱ्या, हात लाव नंदीला. म्या लावला. वला. नंदीबैलागत मान हालवून माघारी आलो बगा. जल्मात असं झालं न्हवतं."

"पण आई काही मुद्दाम…"

"मुद्दाम न्हाई तर काय? पयल्या दिशी मला इचारलं वैनींनी. वशिंड धरायचं का सोडायचं म्हनून."

मी गाडीच्या दाराला धरून तशीच उभी राहिले. भाबडी म्हणे.

परतताना अण्णा मागच्या सीटवर झोपी गेले. घाटाच्या वळणावर मी विचारलं, "आई, तू हे देवासाठी करतेस का?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. "देवाचं देवाला ठाऊक. मी गळ चालू राहावा म्हणून करते."

"आणि ते मासे? काठावर पडलेले बघितलेस ना?"

"बघितले."

"मग? जिवाच्या तोंडात काटा म्हणून तू तीस वर्षं भांडलीस."

आईनं खिडकीची काच खाली केली. मग म्हणाली, "निलू, त्यांनी मला गिरिजा म्हटलं. झटका आल्यापासून मी त्या घरात बिननावाची वावरत होते. उशाशी जाऊन बसले तर माझ्याकडे असं बघायचे, जशी मी शेजारीण आहे. मला त्यांचं बोलणं हवंय. मेले मासे तर पाप माझं. मी फेडीन, जन्मभर फेडीन. पण रविवार बंद करायला मला सांगू नकोस."

मलाही तेच हवं होतं, फक्त तिच्याइतकं उघडपणे म्हणायची माझी छाती नव्हती. मागं अण्णांचे डोळे मिटलेले होते. ते झोपले आहेत असं मी धरून चालले होते.

पुढच्या रविवारी आम्ही लवकर पोचलो. डोहाभोवती गर्दी होतीच. गेनबानं आमच्यासाठी गोणपाटाच्या मांडवाखाली एक जागा राखली होती. हिंग आणि भाजलेलं बेसन घालून मळलेली गोळी मी गळाला लावली, अण्णांनी डाव्या हातानं काठी झोकली, आणि बूच पाण्याला टेकतंय न टेकतंय तोच खाली गेलं.

"लागला!" अण्णा म्हणाले. काठी कमानीसारखी वाकली.

"ओढू?"

"थांब. सैल. सैल सोड."

मी सैल सोडला. एरवी मोठा मासा लागला की दोरा करकरत सुटतो, तलावाच्या मध्यापर्यंत पळतो, आणि तीच अण्णांची खरी मजा असायची. त्या दिवशी दोरा थोडा सुटला आणि थांबला. मासा एका अंगाला गेला, दुसऱ्या अंगाला गेला, चिखलाला लागून परत आला.

"पळत नाही," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "ओढ. हळू."

मी रीळ फिरवत गेले. गेनबा पाण्यात उतरला आणि त्यानं खालून आधार देऊन मासा काठाशी आणला. कटला होता, भलं मोठं डोकं, रुपयाएवढे खवले, आणि पोट असं फुगलेलं की कातडी ताणली होती. कोमट पाण्यात एवढ्या झटापटीनंच दमून तो आडवा झाला आणि तोंडाची उघडझाप करू लागला.

अण्णांनी हातानं खूण केली, मला खाली घ्या. आम्ही दोघांनी धरून त्यांना काठाच्या चिखलात बसवलं. गेनबानं गळ काढला. अण्णांनी डावा हात माशाच्या पोटाखाली घातला आणि त्याला सरळ धरायला गेले, पण एका हातात तो कलंडत होता. उजवा हात त्यांनी नजरेनंच हलवून बघितला. तो हलला नाही.

मी वाकणार, तेवढ्यात माझ्याशेजारून कुणीतरी पुढं झालं. आईनं साडी सावरलीही नाही. ती तशीच चिखलात बसली आणि तिनं आपला हात पाण्यात, माशाच्या खाली घातला.

"असं?"

"डोकं," अण्णा म्हणाले. "वर नको. पाण्यात. जाऊ दे… पाणी तोंडातून."

"किती गुळगुळीत आहे हो. आणि पोट केवढं हिचं."

"गाभोळी."

"म्हणजे?"

"अंडी," मी म्हटलं. "पावसाळ्यात घालते ती."

आईनं मान वर केली नाही. तिचा तळवा त्या फुगीर पोटाखाली होता आणि माशाच्या कल्ल्यांची उघडझाप तिच्या मनगटाला लागत असावी, कारण ती स्वतःही तशीच श्वास घेत होती. आजूबाजूला कुणीतरी ओरडत होतं, कुणाचा तरी गळ लागला होता. ते दोघं एका माशाला धरून बसले होते. असं त्यांना शेजारी शेजारी, एका कामात, मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग माशानं एकदा शेपटी हलवली, पुन्हा हलवली, आणि तो दोघांच्या हातांतून निघून गढूळ पाण्यात गेला.

आईनं ओला तळवा समोर धरून बघितला. त्यावर एक खवला चिकटला होता.

अण्णा वर, नंदीकडे बघत होते. तांब्याच्या भांड्यातून थेंब पडत होते.

"गिरिजा," ते म्हणाले. मग थांबले. पुढचा शब्द शोधताना त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. आम्ही कुणी मदत केली नाही. "गिरिजा, नंदीची पाठ सुकू दे."

झटक्यानंतरचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. महिनोन् महिने मी ज्याची वाट बघत होते ते हे, आणि ते ऐकून मला त्यांचं तोंड दाबून धरावंसं वाटलं.

"आणि मग तुम्ही?" आईचा आवाज चिरकला. "घरी जाऊन पुन्हा भिंत? मी कुणाशी बोलू?"

डाव्या हातानं अण्णांनी तिच्या तळव्यावरचा खवला अलगद काढला आणि पाण्यात सोडला. गेनबा तोंड फिरवून उभा होता.

आई उठली. चिखलानं भरलेल्या साडीनं, अनवाणी, भेगाळलेल्या जमिनीवरून ती नंदीपर्यंत चालत गेली. तिनं भांडं उतरवलं, उरलेलं पाणी चौथऱ्याखालच्या भेगांत ओतलं, आणि तिकाटणं मोडून काठ्या काखेत मारल्या. उन्हात दगड सुकायला असा कितीसा वेळ लागणार? वशिंडाकडून सुरुवात झाली. काळा दगड करडा होत शेपटीकडे गेला. हौसाबाई भरली कळशी कमरेवर घेऊन येत होती, ती मध्येच थांबली आणि तशीच मागं फिरली.

गेनबानं पाठीवर तळवा ठेवला, सगळीकडून फिरवला, वशिंडही सोडलं नाही. मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडला, "पाठ सुकली! गुंडाळा ऽऽ!"

"अरे, आत्ता तर ओली होती!" जीपवाल्यांपैकी एकजण म्हणाला.

"मगाशी व्हती. ये, हात लावून बग."

थोडी बाचाबाची झाली. पण खैरवंडीची पोरं आधी जाळी ओढून बाहेर आली, आणि त्यांना बघून बाकीचेही निघाले. अण्णांनी काठी मांडीवर आडवी घेतली, दोऱ्याच्या टोकाचा गळ दातांनी आणि डाव्या हातानं सोडवला, आणि खिशात टाकला.

आईला भीती वाटत होती तसंच झालं. घरी आल्यावर अण्णांनी भिंत धरली. तो सबंध आठवडा एक शब्द नाही. चित्रवाल्या बाई आल्या आणि गेल्या. आंबा, गाय, पेला. सगळ्यात वाईट रविवार. पहाटे उठून बघते तर अण्णा टोपी घालून पलंगाच्या कडेला बसलेले. मग त्यांचं त्यांनाच आठवलं असावं. त्यांनी टोपी काढून उशीवर ठेवली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

बाहेर आले तर आई जिन्याच्या तोंडाशी उभी. पदर कमरेला खोचलेला.

"त्यांना वर गच्चीवर घेऊन चल."

"कशाला?"

"चल म्हटलं ना. मी मागून ढकलते."

कठड्याला धरून, पायरी पायरीनं, आम्ही त्यांना वर नेलं आणि खुर्चीत बसवलं. आईनं टाकीखालून काठी काढली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं ती हातात घेतली होती, आणि झाडू धरावा तशी धरली होती. ती तिनं अण्णांच्या डाव्या हातात दिली, रीळ माझ्यापुढं केलं, आणि दोऱ्याचं टोक मुठीत धरून गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला निघाली.

"आई, काय करतेयस?"

"तू रिळाकडं बघ."

ती टाकीमागं गेली आणि दिसेनाशी झाली.

"अगं, मागं कशाला लपलीस?"

"मासा काय समोर उभा राहतो का?" टाकीमागून आवाज आला.

शेजारच्या गच्चीवर भोसल्यांच्या सुना सांडगे घालत होत्या. त्यांचे हात थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा निर्विकार चेहऱ्यानं त्या दोऱ्याकडे बघत होते. दोरा गच्चीभर सैल पडला होता. मग त्याला एक हिसका बसला. लहानसा, चाचपून बघणारा. मग शांत. मग काठीचं टोक एकदम खाली वाकलं.

अण्णांना ते कळायच्या आधीच त्यांच्या हातानं काठी वर उचलली होती.

"लागला," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. हे घर होतं. तलाव नव्हता.

"ओढू, अण्णा?"

"थांब! सैल… सैल सोड, खेळू दे."

आई खेळली. डावीकडे पळाली, उजवीकडे पळाली, टाकीच्या पाइपाला अडखळली, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघेदुखी असलेली. दोरा करकरत सुटत होता आणि अण्णा मला ओरडत होते, "ओढ! अगं, सैल! किती… किती वेळा सांगू?" तिकडून धापा टाकत आवाज आला, "अहो, हळू! तोंडात काटा आहे माझ्या!"

अण्णा हसले. झटका आल्यानंतर हसताना त्यांचं तोंड एका बाजूला जायचं आणि ते लगेच मिटून घ्यायचे. त्या दिवशी मिटलं नाही.

"काटा नाही, गिरिजा," ते मोठ्यानं म्हणाले. "काढलाय. नंदी सुकला… तेव्हाच."

टाकीमागं क्षणभर काहीच हललं नाही. मग दोरा ताठ झाला. "आता ओढ," अण्णा मला म्हणाले, "हळूहळू." मी रीळ फिरवलं. टाकीमागून आधी मूठ आली, मग आई. केस सुटलेले, चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ते पुसायला हात मोकळा नाही, कारण दोरा तिनं दोन्ही मुठींनी गच्च धरला होता. भोसल्यांच्या सुना बघत होत्या. तिला त्यांचं भान नव्हतं. एक एक पाऊल टाकत ती खुर्चीपर्यंत आली आणि अण्णांच्या गुडघ्यांपाशी बसली.

अण्णांनी काठी माझ्याकडे दिली. डाव्या हातानं त्यांनी तिचं मनगट धरलं, मासा हातात आला की उलटसुलट करून बघायचे तसं बघितलं, आणि विचारलं, "सोडू?"

"नका," आई म्हणाली. "इतक्यात नका सोडू."